गोष्ट वाचा, तात्पर्य राहू द्या

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगी सहा वर्षांची आहे, इंग्लिश मीडियमला पहिलीत. मागच्या महिन्यात तिचा वाढदिवस झाला, ढीगभर गिफ्ट्स आली, सगळी फोडून झाल्यावर म्हणते, "बस, एवढीच?" परवा दूध सांडलं तर म्हणाली, "राहू दे ना मम्मा, मावशी पुसतील, त्यांचं कामच आहे ते." मला फार लागलं ते. मग ऑनलाइन शोधून थँकफुल राहा, शेअर करा, सगळ्यांना मदत करा अशी पाच इंग्लिश पिक्चर बुक्स मागवली. रोज रात्री वाचते, शेवटी विचारते आज आपण काय शिकलो, ती "वी शुड बी थँकफुल" असं पाठ म्हणून दाखवते आणि सकाळी परत ये रे माझ्या मागल्या. फ्रिजवर स्टार चार्टपण लावलाय, मदत केली की स्टार, दहा स्टारला चॉकलेट. सासूबाई म्हणतात श्यामची आई वाचून दाखव, मिस्टर म्हणतात लहान आहे, येईल कळायला. त्यात शाळेनं जुनी खेळणी एखाद्या आश्रमात द्यायची ॲक्टिव्हिटी दिलीये, फोटोसकट. चांगली पुस्तकं सुचवा ना. आणि मराठी घेऊ की इंग्लिश?
— एक आई, नाशिक

उत्तर

पुस्तकं सुचवते, नक्की सुचवते. पण आधी तुमच्या मुलीच्या त्या वाक्याबद्दल बोलू, कारण सगळी गुरुकिल्ली तिथेच आहे असं मला वाटतं. "त्यांचं कामच आहे ते" असं ती म्हणाली ते उर्मटपणानं म्हणाली असेल असं तुमचं पत्र वाचून मला तरी वाटलं नाही. तिनं जे पाहिलंय तेच ती बोलली. ती शाळेतून येते तेव्हा फरशी पुसलेली असते, भांडी लागलेली असतात, बेल वाजते आणि खोकं येतं, खोक्यातून खेळणं निघतं, भाजी ॲपवरून दहा मिनिटांत येते. या सगळ्यात माणूस कुठे दिसतो तिला? दारात दोन सेकंद. ज्या माणसाचे कष्ट कधी दिसलेच नाहीत त्याच्याबद्दल सहा वर्षांच्या पोरीला काही वाटावं कसं, आणि वाटलं नाही म्हणून तिला कृतघ्न तरी कसं म्हणायचं.

म्हणून पुस्तक निवडताना माझी अट एकच असते, चित्रात काम करणारी माणसं दिसली पाहिजेत. थँकफुल हा शब्द पुस्तकात एकदाही आला नाही तरी चालेल. कोणीतरी भाकरी थापतंय, कोणीतरी पाइप दुरुस्त करतंय, कोणीतरी आजारी शेजाऱ्याच्या पोराला शाळेत सोडतंय, आणि मूल ते बघतंय, एवढं असलं तरी खूप झालं.

तुमची ती पाच पुस्तकं मी बघितलेली नाहीत, पण मागवताना एक गोष्ट तपासली होती का, त्यात माणसं आहेत की ससे-अस्वलं? हे मी उगाच विचारत नाहीये. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, चार ते सहा वर्षांच्या मुलांवरचा, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयाच्या. वाटून घेण्याची एकच गोष्ट काही मुलांना माणसांच्या चित्रांसह वाचून दाखवली आणि काहींना कपडे घातलेल्या, माणसासारख्या वागणाऱ्या प्राण्यांच्या चित्रांसह, आणि आधी-नंतर मुलं स्वतःकडचे स्टिकर दुसऱ्या मुलांसाठी किती काढून देतात ते पाहिलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त स्टिकर दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी नाही दिले जास्त, उलट कमीच दिले. यावरून ससे-अस्वलं घरातून हद्दपार करा असं अजिबात नाही, ती गंमत म्हणून हवीतच. पण वागण्यात फरक पडावा म्हणून एखादं पुस्तक घेत असाल तर त्यातला मुलगा-मुलगी आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारख्या घरात राहणारी असली तर बरं.

आता शेवटच्या प्रश्नाचं. "आज आपण काय शिकलो?" हा प्रश्न आजपासून बंद करा, मनापासून सांगते. त्या प्रश्नानं रात्रीच्या गोष्टीची तोंडी परीक्षा होते आणि परीक्षेत मुलं हवं ते उत्तर देतात, सहा वर्षांची असली तरी त्यांना बरोबर कळतं मम्माला काय ऐकायचंय. त्याऐवजी मधल्याच एखाद्या पानावर थांबा आणि चित्रातल्या माणसाबद्दल विचारा, याला आत्ता कसं वाटत असेल गं, ही दमली असेल का, कशावरून? आणि मग गप्प बसा. ती बोलेल ते बोलेल, दुरुस्त करू नका. २०१३ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना पुस्तक दाखवताना त्यांचे आईवडील कसे बोलतात ते पाहिलं होतं. जे पालक मुलांनाच चित्रातल्या भावना ओळखायला आणि सांगायला लावत होते त्यांची मुलं मदत करण्यात आणि वाटून घेण्यात पुढे होती. पालकांनी स्वतःच सगळं समजावून सांगण्याशी मात्र त्याचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे बोलायचं तिनं, आपण विचारायचं आणि ऐकायचं.

याचं घरचंच उदाहरण द्यायचं तर आपली चिऊकाऊची गोष्ट घ्या. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं, पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं आणि तो भिजत दार ठोठावत राहतो. आणि चिऊताई? थांब माझ्या बाळाला अंघोळ घालू दे, थांब माझ्या बाळाला तीट लावू दे. मदत मागायला आलेल्याला आपण दारात किती वेळ उभं करतो याच्यावरची ही गोष्ट आहे आणि आपण ती भात भरवताना सांगून मोकळे होतो. मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते तिथे एकदा ही गोष्ट झाल्यावर काहीच विचारलं नाही, चित्राचं पान तसंच उघडं ठेवलं. एक मुलगा म्हणाला, "पण त्याला सर्दी होईल ना." त्यावर एक मुलगी चिडली, "बाळ ओलं असेल तर दार कसं उघडणार, तिला दोनच हात आहेत." आधी तिनं चिमणीच्या हातांचा हिशोब मांडला, मग दुसऱ्या एकानं तोडगा काढला की दार उघडायचं आणि टॉवेल कावळ्याच्या हातात द्यायचा, म्हणजे तो बाळाला पुसेल आणि स्वतःपण कोरडा होईल. कावळ्याला नुसतं घरात घ्यायचं नाही, त्याला कामाला पण लावायचं, हे त्या पोराला सुचलं. मी तात्पर्य सांगितलं असतं तर हे निघालं असतं का?

मदतीची पुस्तकं बघताना तेच लक्षात ठेवा. बऱ्याच पुस्तकांत देणारं एक गुटगुटीत, नीटनेटकं मूल असतं आणि घेणारं मूल फाटक्या कपड्यात, मान खाली घालून, हात पुढे करून. असलं पुस्तक कितीही चकचकीत असलं तरी परत ठेवून द्या. त्यातून मुलं काय घेतात तर आपण वरचे आणि ते खालचे. मदत दोन्हीकडून जाते-येते अशी पुस्तकं शोधा, जिथे आजोबांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मुलीला तेच आजोबा पतंगाची कन्नी बांधून देतात.

कोणाची पुस्तकं घ्यायची, तर मराठीत माधुरी पुरंदरे यांची डोळे झाकून घ्या. लिहितातही त्या आणि चित्रंही त्याच काढतात. त्यांच्या पुस्तकांतली घरं आपल्या घरांसारखी असतात, आजी, शेजारी, ओट्यावरचा पसारा, सगळं असतं, आणि उपदेश शोधून सापडत नाही. त्यांची बरीच पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाची आहेत, त्या प्रकाशनाची बाकीची चित्रपुस्तकंही बघा. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त मिळतात, प्रदर्शन लागलं की मी पिशवी भरून आणते. आणि एक रुपया खर्च न करता हवं असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट आहे, २०१५ पासून सुरू आहे, मराठीत भरपूर गोष्टी आहेत, वाचनाच्या चार पातळ्या केलेल्या आहेत, मोफत वाचता येतात आणि डाउनलोड करून प्रिंटही काढता येते. त्यात आपल्याकडचीच माणसं दिसतात, भाजीवाली, नर्स, बस कंडक्टर. मात्र मोबाइल तिच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, प्रिंट काढा नाहीतर शेजारी बसून वाचा, नाहीतर दोन पानांनंतर ती कार्टूनवर पोचलेली असेल.

सासूबाई सांगतायत ते चूक नाही, फक्त थोडं लवकर आहे. श्यामची आई साने गुरुजींनी आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली, फेब्रुवारी १९३३ मध्ये, हे मुलीला मोठी झाल्यावर जरूर सांगा. पण सलग वाचायला तिला अजून तीन-चार वर्षं जाऊ देत. सासूबाईंना म्हणावं वाचून नका दाखवू, एकेक प्रसंग तोंडी सांगा, आजीच्या शब्दांत. त्यात मोळीचा प्रसंग आहे बघा, म्हातारीची लाकडाची मोळी पडलीये, शिवाशिवीपायी कोणी हात लावत नाहीये आणि श्यामची आई श्यामला पाठवते, जा, उचलून दे. तिथे ती त्याला समतेवर भाषण देत बसत नाही, कामाला पाठवते. तेवढा एक प्रसंग आजीनं रंगवून सांगितला तरी पुष्कळ. आणि गाडगे महाराजांचं एखादं चित्रांचं पुस्तक मिळालं तर तेही वाचा. गावात गेल्यावर आधी खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हे चित्र सहा वर्षांच्या मुलांना फार आवडतं, खराटा तर फारच. मग एखाद्या रविवारी गोदाघाटावर जा, गाडगे महाराज पूल दाखवा, त्यांनी नाशिकला येणाऱ्या गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली ते सांगा, म्हणजे पुस्तकातला माणूस आपल्या गावात येऊन गेलाय हे तिला कळेल.

पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी पुस्तक तुम्हाला घरीच बनवावं लागेल. ए-फोरचे पाच-सहा कागद मधोमध दुमडा, मध्ये दोन स्टेपल मारा, झालं. पुस्तकाचा विषय, आपल्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत कोण कोण येतं. दूधवाले काका, पेपरवाला, सोसायटीचा वॉचमन, घंटागाडीवाले, मावशी, कुरिअरवाला. प्रत्येकाचं एक पान, चित्र तिनं काढायचं, ओळ तिनं सांगायची आणि तुम्ही लिहायची. नियम एकच, त्या माणसाचं नाव माहीत असल्याशिवाय पान सुरू करायचं नाही. तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, मिस्टर आहेत, शाळा आहे, पण मावशींचं नाव नाही. कदाचित ओळख कळू नये म्हणून मुद्दामच लिहिलं नसेल. पण मुलीला माहीत आहे का ते? त्यांचं गाव कुठलं, त्यांच्या घरी किती वाजता पाणी येतं, आपल्याकडे येण्याआधी त्या किती घरं करून येतात, हे तिनं स्वतः विचारायचं. आधी मावशींना सांगा की असं असं चाललंय, चालेल ना, त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको. त्यांना वेळ असेल तेव्हाच, दोघींना चहा देऊन.

घंटागाडीचं पान करायचं असेल तर एक दिवस शाळेच्या सुट्टीत तिला घेऊन खाली थांबा. गाडीची घंटा तिला पाठ असेल, गाडीवरच्या माणसांकडे मात्र तिनं नीट बघितलं नसेल. ओल्या कचऱ्याच्या डब्यात कोणीतरी प्लास्टिक टाकलेलं असतं ते तो माणूस हातानं बाजूला काढतो, एखाद्या पिशवीत फुटलेली काचेची बाटली असते, तो पिशवी आधी वरून चाचपतो आणि मग उचलतो. ते चाचपणं तिला दाखवा, बोलू काही नका. घरी आल्यावर फुटलेला ग्लास पेपरात गुंडाळून त्यावर मोठ्या अक्षरात काच लिहायचं काम तिला द्या. मदत म्हणजे मोठं काहीतरी असतं असं मुलांना वाटायला लागतं ना, त्यापेक्षा हे बरं.

आणि आपण नाशिकचे, तेव्हा द्राक्षाचं पान तर हवंच. ते उलटं काढा. पहिल्या पानावर तिच्या डब्यातली द्राक्षं, मग हातगाडीवाला, मग क्रेट, मग बागेत तोडणाऱ्या बायका, मग थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करणाऱ्या, शेवटी ऑक्टोबरची छाटणी. सीझनमध्ये दिंडोरीकडे कोणाची ओळखीची बाग असेल तर विचारून जा. पेठ-सुरगाण्याकडून आलेले मजूर असतात, घड देठालाच धरतात, मण्यांना बोट लागू देत नाहीत, कारण मण्यावरचा तो पांढुरका थर पुसला गेला तर भाव कमी होतो. तुमची मुलगी पण एक घड तसा धरून बघेल. त्यानंतर डब्यात उरलेली द्राक्षं टाकताना तिचा हात जरा थांबला तर बघा, नाही थांबला तरी लगेच बोलू नका, वेळ लागतो याला.

स्टार चार्ट काढून टाका असं सांगितलं तर राग येईल का? पण सांगते. २००८ मध्ये जर्मनीत लायप्झिगला वीस महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झाला होता. मदत केल्यावर ज्यांना वस्तू बक्षीस मिळत गेली ती बाळं पुढे, बक्षीस बंद झाल्यावर, कमी मदत करायला लागली. ज्यांना नुसतं शाब्बास म्हटलं किंवा काहीच दिलं नाही त्यांची मदत चालूच राहिली. मदत करायची हौस पोरांना मुळातच असते हो, दोन वर्षांचं पोर झाडू ओढत मागे येतं आणि आपणच म्हणतो, तू जा खेळ, मला पटकन आवरू दे. आता तिला रोजचं एक खरं काम द्या, ज्याच्यावाचून घराचं अडेल असं. ताटं मांडायची, तुळशीला पाणी घालायचं, मावशी येण्याआधी सिंकमधल्या ताटातलं खरकटं काढून ठेवायचं. सांडलेलं दूध सांडणाऱ्यानं पुसायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांना, मिस्टरांनाही. त्यांचं "येईल कळायला" अर्धं बरोबर आहे, सहाव्या वर्षी फार खोल नाही कळत, पण कोणीतरी आपल्यासाठी मुद्दाम काहीतरी केलं एवढं नक्की कळतं, आणि घरात मोठी माणसं कशी वागतात ते तर त्याच्याही आधीपासून कळत असतं.

शाळेच्या ॲक्टिव्हिटीचं असं करा. आधी त्या संस्थेला फोन करून विचारा त्यांना काय हवंय, पुष्कळदा खेळण्यांचा तिथे ढीग असतो आणि वह्या नाहीतर तेल-साबण संपलेलं असतं. खेळणी द्यायचीच असतील तर ती तिनं धुवायची, पझलचे तुकडे मोजायचे, सेल घालून चालतंय का बघायचं, तुटकं ते द्यायचं नाही. एखादं खेळणं द्यायला ती नाही म्हणाली तर ते राहू दे. आणि फोटो काढायचा असेल तर ती खेळणी पुसतानाचा काढा. तिथल्या मुलांच्या हातात देतानाचा नको, त्या मुलांना कोणी विचारलेलं नसतं. टीचरना नीट समजावून सांगितलंत तर त्या ऐकतील.

राहिलं मराठी की इंग्लिश. दोन्ही, पण या विषयाची पुस्तकं आधी मराठी. कारण मावशींशी, वॉचमनशी, आजीशी ती मराठीतच बोलणार आहे, दमलात का, पाणी देऊ का, हे शब्द तिच्याकडे मराठीत तयार हवेत. शाळेमुळे तिला मराठी वाचायला जड जात असेल तर तूलिका प्रकाशनाची मराठी-इंग्लिश एकत्र छापलेली पुस्तकं मिळतात, एकाच पानावर दोन्ही, तुम्ही मराठी वाचा, तिनं इंग्लिश. विकत घेण्याआधी मात्र सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, चक्कर मारा. १८४० पासूनचं वाचनालय आहे आपलं, मुलांसाठी बालभवन आहे, तिला स्वतःच्या हातानं पुस्तक निवडू द्या आणि दुसऱ्या मुलांसाठी ते न फाडता परत करायची सवय तिथे आपोआप लागते. सोसायटीत चार-पाच घरं तयार असतील तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाची चौकशी करा, पुस्तकांची पेटीच येते. आणि ओझरकडे गेलात तर दहाव्या मैलाला एका आजींनी उभं केलेलं पुस्तकांचं हॉटेल आहे, मिसळ येईपर्यंत टेबलावरचं पुस्तक वाचायचं, तिथे मुलीला नक्की न्या.

सावानात जाताना सासूबाईंना सोबत घ्या, वर्गणी भरताना त्यांच्याही नावानं एक कार्ड काढा. गोष्टी सांगायचं खातं आता त्यांच्याकडे आहे, त्यांनाही नवी पुस्तकं लागतील.